तिसरा खांब

एप्रिल. नागू बेटाच्या खाडीत बर्फ अजून
काठाला चिकटून, खरवडीसारखा.
शेडमध्ये टेकूंवर उभी आहे ‘तेर्ना’,
एकोणतीस फुटी शिडाची नाव, वडिलांची,
आता नाइलाजाने गुन्वोरची.

गळतं कुठे, तर निजायच्या फळीवर, नेमकं उशीवर.
एक थेंब. मग बराच वेळ काही नाही.
मग डोळा लागतो न लागतो तोच
दुसरा.
तीस-पस्तीस उन्हाळे आईने तिथे
जॅमचं पातेलं ठेवलं
आणि कधी तक्रार केली नाही.
म्हणजे केली, पण पातेल्याशी.

एड्विन दर जूनला सिलिकॉनची नळी घेऊन वर चढायचा,
उशीच्या बरोबर डोक्यावर जी क्लीट आहे
तिच्या बुडाशी बोटाने लिंपायचा.
रोग रेड्याला, औषध पखालीला.
पाणी शिरत होतं चार हात पुढे,
कठड्याच्या तिसऱ्या खांबापाशी.
तिथून डेकच्या पोटातल्या बाल्सा लाकडात
रांगत, मुरत, मुक्काम करत
उतार मिळेल तिकडे यायचं.
त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही.
जन्मभर बोटी दुरुस्त केलेला माणूस.

ती आधी क्लीट खरवडते.
पांढरा थर, त्याखाली पिवळा, त्याखाली तपकिरी,
एकात माशी, एकात अख्खा अंगठ्याचा ठसा.
ठशाशी पातं थांबतं.
पण सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही,
नवं सिलिकॉनसुद्धा.
खरवडते.

मग तिसरा खांब. चार बोल्ट, तीन सुटतात,
चौथ्यासाठी शिव्या लागतात, स्वीडिश आणि फिनिश दोन्ही.
भोकं मोठी करून वाकवलेला खिळा आत फिरवला
तर बाहेर येतो चहाचा चोथा.
हे लाकूड होतं.
नऊ दिवस दिवा लावून वाळवलं,
इपॉक्सी भरलं, दगड झाल्यावर पुन्हा भोक पाडलं,
भोकाचं तोंड थोडं रुंद केलं, वाटीसारखं,
आणि ब्यूटाइलची पट्टी तळहातावर वळून
बोल्टच्या गळ्याशी गुंडाळली, वातीसारखी.

इथून पुढे दोन माणसं लागतात.
वरच्याने बोल्ट धरायचा, हलू द्यायचा नाही.
खालच्याने नट फिरवायचा.
बोल्ट फिरला की पकड सुटते, पाण्याला वाट मिळते.
वर शेजारचा रूरिक, कानाने अधू,
म्हणून ठोक्यांची भाषा ठरली:
एक म्हणजे धर, दोन म्हणजे सोड.

ती कपाटात डोकं खुपसून, तोंडात टॉर्च.
एक ठोका.
आणि एकदम ती नऊ वर्षांची आहे, वर,
गुडघ्यांखाली तापलेला डेक,
दोन्ही मुठीत पेचकस,
खालून बाबांचा आवाज: धर, गुन्वोर.
आणि टपालबोट येते, बोटीवर एक कुत्रा,
लाल पट्ट्याचा,
आणि मुठी बोल्टसकट फिरतात. थोड्याशा.
पाव फेरा.

ती काही बोलली नाही.
खालूनही काही आलं नाही. मग आलं:
झालं, उतर, छान धरलंस.

पाना हातात तसाच.
नटालाही कळतंच की, बोल्ट फिरतोय ते.
पान्यातून थेट मनगटात येतं.
दर जूनला ती नळी. दर जूनला ती क्लीट.

वरून रूरिक ओरडतो, जिवंत आहेस ना?
ती नट आवळते. सावकाश.
वर काळी ब्यूटाइल कडेने फुगून येत असणार,
तिला दिसत नाही, त्याला दिसते.
तो सांगतो, चारी बाजूंनी आली गं, सारखी.
दोन ठोके द्यायचे राहून जातात,
म्हणून तो धरूनच बसलाय, सत्त्याहत्तर वर्षांचा, ओणवा.

आज एवढंच. ब्यूटाइल एका दिवसात बसत नाही,
उद्या पुन्हा थोडं, परवा पुन्हा.
पातेलं तिने अजून फळीवरून काढलेलं नाही.